खंडेनवमीचा प्रोसेसर

त्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणाला जागा उरली नव्हती. एका टोकाला तुमची आई संगणकाची जुनी मासिकं आणि दुकानांची दरपत्रकं पसरून बसायची. दुसऱ्या टोकाला मी गवार मोडत बसायचे, आणि मधे जी हातभर जागा राहायची तिथे तात्यांचा चहा, तात्यांची तपकिरीची डबी आणि तात्यांची कोपरं. तात्या म्हणजे तुमच्या आजोबांचे वडील, तुमचे पणजोबा. मुलुंडचं ते घर तुम्ही पाहिलेलं नाही. आता त्या जागी उंच इमारत झाली आहे आणि खाली फाटकावर पहारेकरी नाव लिहून घेतो. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं. शेजारच्या गुजराती बाई संध्याकाळी थेपले लाटायच्या, त्यांच्या लाटण्याचा ठेका भिंतीतून आमच्याकडे येई. समोरच्या इमारतीत कोणीतरी रोज हार्मोनियमवर एकच सरगम घोटायचं. त्या सगळ्यात अनूचं चालू असायचं की अमुक मदरबोर्डवर तमुक प्रोसेसर बसतो की नाही. तुमच्या आईला घरात सगळे अनूच म्हणत, म्हणून इथेही मी तेच लिहिते.

मागच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी व्हिडिओवर मला तुमचा नवा संगणक दाखवलात. काचेची पेटी, आत निळे-जांभळे दिवे, लग्नघरासारखी रोषणाई. ईशानने विचारलं, आईने तिचा पहिला संगणक खरंच स्वतः जोडला होता का. मी हो म्हणाले, आणि बाकीचं लिहून पाठवते म्हणाले, कारण ती गोष्ट फोनवर सांगण्याएवढी छोटी नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. हळूहळू वाचा, नाहीतर आईला वाचायला लावा. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, नोकरीतली पत्रं इंग्रजीत लिहिली, पण तात्यांबद्दल इंग्रजीत लिहायला बसले की ते तात्या राहत नाहीत, कोणीतरी वेगळेच गृहस्थ होतात.

तर आधी तात्यांबद्दल. ते मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि मिलमध्ये साच्यावर लागले. कापड विणायच्या यंत्राला मिलमध्ये साचा म्हणत. मिल बंद पडली तेव्हा ते अजून धडधाकट होते, आणि धडधाकट माणसाला घरी बसवलं की तो हाताला लागेल ते यंत्र उघडतो. आमचा पंखा त्यांनी उघडला, शेगडी उघडली, सोसायटीच्या पंपाचं झाकण उघडलं. बरीचशी यंत्रं पुन्हा चालूही झाली. पण एकदा त्यांनी टेपरेकॉर्डरला तेल घातलं. कुरकुर करतो म्हणून शिवणयंत्राचं तेल, चांगलं सढळ हाताने. तुमच्या आजोबांनी पहिल्या बोनसमधून घेतलेला टेपरेकॉर्डर होता तो. ते पालिकेच्या पाणीखात्यात होते आणि त्या दिवशी कुठेतरी फुटलेल्या जलवाहिनीवर उभे राहून दमून आले होते. ते ओरडले नाहीत. बूट काढता काढता एवढंच म्हणाले, की तात्या, ही मिल नाही, घरातल्या वस्तूंना हात लावत जाऊ नका.

ओरडले असते तर बरं झालं असतं. तात्यांनी ते शब्दशः पाळलं. त्या दिवसापासून ते टीव्हीसुद्धा स्वतः लावत नसत. बातम्यांच्या वेळी टीव्हीपाशी जाऊन उभे राहायचे, आणि मी किंवा अनू दिसलो की विचारायचे, "लावू काय गो?" आम्ही लावा म्हटलं तरच बटण दाबायचे. तुमच्या आजोबांना ते दिसत होतं. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, अहो विचारता काय, लावा की. पण बापलेकांतलं एकदा आवळलेलं सुटत नाही लवकर. तात्या विचारतच राहिले, वर्ष उलटून गेलं तरी.

अनूची बारावी झाली आणि तिने संगणक मागितला. अभ्यासासाठी असं तिने म्हटलं असतं तरी आम्ही मानलं असतं, पण ती खोटं बोलली नाही. गेम खेळायला हवाय, म्हणाली. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ती तासाचे पैसे देऊन खेळायची, आणि मागे मुलं उभी राहून तिला फुकटचे सल्ले द्यायची, ते तिला नको होतं. तयार संगणक घेतला तर त्यात गेम नीट चालणारा मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून एकेक भाग निवडून घरी जोडायचा असा तिचा बेत होता. आम्ही दोघांनी एक रक्कम ठरवली, तिने शिकवण्यांतून साठवलेले त्यात घातले, आणि मी नियम घातला की हे एकदाच. काही बिघडलं, चुकलं, कमी पडलं तरी वर एक रुपया मिळणार नाही. मी एका इंजिनिअरिंग कंपनीच्या खरेदी विभागात होते. तिथे पेन्सिल घ्यायची तरी तीन दुकानांची कोटेशनं लागत. तीच शिस्त मी घरी आणली.

मग ते टेबलावरचे दिवस सुरू झाले. मला त्या सगळ्या कारभारात कशाला किती महत्त्व द्यायचं ते कळेना. अर्ध्याच्या आसपास पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डावर घालवायचे हे मला पटत नव्हतं. चित्र दाखवायला एवढं कशाला, पडदा आहे ना, असं मी विचारलं. अनूने कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखा चेहरा केला. म्हणाली, प्रोसेसर हिशेब करतो आणि कार्ड चित्र काढतं. गेममध्ये सेकंदाला कितीतरी चित्रं काढावी लागतात, कार्ड हलकं असलं की चित्रं वेळेवर येत नाहीत आणि गाडी अडखळत चालते. तात्या चहात खारी बुडवत ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे एक जॉबर आणि एक विणकर." जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम. "जॉबर बरो असलो तरी विणकराचो हात चलाक नको?" अनू म्हणाली, आईपेक्षा तात्यांना जास्त कळतं. आणि त्यानंतर ती प्रत्येक भागाचं नाव आणि काम आधी तात्यांना सांगायची, मग मला.

बाकी सगळीकडे तिने हात आखडला. पेटी सगळ्यात स्वस्त, पत्र्याची, कडा एवढ्या धारदार की हाताळताना फडकं गुंडाळावं लागे. पडदा माझ्या ऑफिसने मोडीत काढलेला, मागे मोठं कुबड असलेला. कीबोर्ड एका मैत्रिणीचा, त्यातलं एक बटण दाबलं की वर यायला वेळ घ्यायचं. मेमरी थोडी कमी घेतली, पुढे वाढवता येईल म्हणून. हार्ड डिस्क लहान. पण कार्डाला तिने हात लावू दिला नाही. मोठा लाल पंखा असलेलं एक कार्ड होतं, मासिकात त्याचं चित्र होतं. ते पान इतक्यांदा उघडलं गेलं होतं की मासिक टेबलावर ठेवलं की आपोआप तिथेच उघडायचं.

आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला, संगणकाच्या बाजारात, गेलो. मी पर्समध्ये कागद आणि कार्बन घेऊन गेले होते. पहिल्याच दुकानात मी रीतसर कोटेशन मागितलं. गल्ल्यावर जिग्नेशभाई म्हणून तरुण माणूस होता, त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "मॅडम, इधर रेट सुबह का अलग, शाम का अलग. कागज पे लिखा के बासी हुआ." तरी मी आणखी दोन दुकानं फिरले, आणि उन्हात पाय दुखवून घेऊन परत त्याच्याकडेच आले. अनू रस्त्याच्या कडेला उसाचा रस पीत उभी होती. तिने दुसरा ग्लास माझ्यापुढे केला. संध्याकाळी खोकी घेऊन टॅक्सीने घरी आलो. तेवढी चैन मी माझ्या खात्यातून केली.

नवरात्र चालू होतं. नऊ दिवस घरात मासळी नाही, त्यामुळे तात्या तिसऱ्या दिवसापासून उदास असायचे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावर कशीबशी वेळ मारून न्यायचे. सोसायटीच्या आवारात गरबा, त्याचा ढोल जेवताना ताटात वाजायचा. जोडणी दसऱ्याला करायची ठरली, कारण नवी वस्तू सुरू करायला त्याच्याएवढा दिवस नाही. आदल्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला हे नीट सांगायला हवं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू, फूल, अक्षता. मिलमध्ये तात्या साच्याला हार घालायचे, सगळं खातं साखरेच्या पेढ्यांनी गोड व्हायचं. मिल गेल्यावर त्यांच्याकडे पूजेला काही उरलं नाही. विळी, कात्री, तुमच्या आजोबांची स्कूटर, असं घरातलं जे असेल ते पुजायचे. आणि त्या वर्षी घरात नवं यंत्र आलं होतं, ज्याचा एकेक भाग त्यांना नावानिशी ठाऊक होता.

त्या दिवशी मी ऑफिसात होते, तुमचे आजोबा कामावर, अनू कॉलेजात. दुपारी अनू आणि मी थोड्या अंतराने घरी पोचलो. तात्या आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून खुर्चीत बसले होते. टेबल पुसून त्यावर माझी धुतलेली चादर घातली होती, आणि तिच्यावर सगळे भाग खोक्यांतून काढून ओळीने मांडले होते. प्रत्येकापुढे झेंडूचं फूल, प्रत्येकाला हळदकुंकू. वर्षाहून जास्त काळाने त्यांनी कोणाला न विचारता घरातल्या वस्तूला हात लावला होता. चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी आधी त्यांच्याकडेच पाहिलं, टेबलाकडे नंतर. खोकी उघडलीत का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "डब्यात बंद करून कोण पूजा करता काय?"

अनू टेबलाकडे बघत होती. कार्डाच्या लाल पंख्यावर कुंकवाचं बोट होतं, ते पुसता आलं असतं. मदरबोर्डवर त्यांनी कडेलाच लावलं होतं, जपून. पण प्रोसेसर त्यांनी उलटा ठेवला होता. त्या वेळच्या प्रोसेसरला एका बाजूने सपाट पत्रा असे आणि दुसऱ्या बाजूला केसासारख्या बारीक सोनेरी सुयांची दाटी. तात्यांना ती सोनेरी बाजू त्याचं तोंड वाटली. कोणालाही वाटेल. त्या सुयांच्या बरोबर मधोमध त्यांनी पाण्यात कालवलेलं हळदकुंकू अंगठ्याने भरपूर लावलं होतं, वर दोन अक्षता दाबल्या होत्या. अंगठा जिथे टेकला होता तिथल्या सुया शेतात गुरं बसून उठल्यावरच्या पिकासारख्या आडव्या झाल्या होत्या.

मला वाटलं आता ही ओरडणार. अनूने प्रोसेसर हळूच उचलला, फूल बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "छान केलीत पूजा, तात्या. आता मी आत नेते, नीट ठेवायला." आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिने ओट्यावर दात घासायचा मऊ ब्रश आणि स्पिरिट घेतलं आणि साफ करू लागली. कुंकू बरंचसं निघालं. मग सुईने एकेक आडवी सुई उभी करू लागली. काही उभ्या राहिल्या. एक राहिली नाही, तुटून ओट्यावर पडली, आणि एक सुई गेली की प्रोसेसर निकामी. अनूने ती बोटाच्या टोकावर उचलून पाहिली. बाहेर तात्या गुणगुणत होते.

मी दार लोटून घेतलं. "मी पैसे देते," म्हणाले. "नियम माझाच आहे."

"तू दिलेस की बाबा विचारणार, कशाचे."

"सांगेन काहीतरी."

"तू? तुझ्या तोंडावर लगेच दिसतं, आई. मग बाबांना कळणार, मग ते तात्यांना बोलणार. रागावणार पण नाहीत, नुसतं बोलणार. आणि तात्या परत त्या टीव्हीपाशी उभे राहणार." तिने नळ सोडला, तोंड धुतलं, पदर नव्हता म्हणून माझ्याच पदराला पुसलं. "आज त्यांनी कोणाला विचारलं नाही गं. मला ते घालवायचं नाहीये."

"मग काय करणार?"

"कार्ड परत देऊन दुसरा प्रोसेसर आणते," ती म्हणाली, आणि मग रडली. थोडंसंच. ते कार्ड तिला किती हवं होतं हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मी तिला दे म्हणाले नाही, नको देऊ असंही म्हणाले नाही. कणीक मळायला घेतली.

दसऱ्याच्या सकाळी एक वायर राहिली आहे असं सांगून आम्ही पुन्हा जिग्नेशभाईंकडे गेलो. दुकानाच्या दाराला तोरण, बिलाच्या यंत्रावर झेंडू. त्याने भिंगाखाली प्रोसेसर धरला, बराच वेळ पाहिला. "मॅडम, ये लाल क्या है?" मी सांगितलं. वॉरंटीत हे कसं घालू, कंपनीला काय कळवू, पूजा केली होती म्हणून, असं तो म्हणाला आणि हसणार होता. पण अनूचा चेहरा पाहून थांबला. मग म्हणाला, "मेरी बा ने पिछले साल प्रिंटर में चावल डाला था." बा म्हणजे त्याची आई. कार्ड त्याने परत घेतलं. पंख्याच्या खाचेत राहिलेलं कुंकू स्वतःच्या रुमालाने पुसलं, आणि त्याच्या बदल्यात दुसरा प्रोसेसर आणि एक साधं कार्ड दिलं. लहानसं, बिनपंख्याचं. अनूने ते हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि पिशवीत टाकलं.

संध्याकाळी श्रीखंड-पुरी झाली, आपट्याची पानं वाटून झाली, आणि जोडणी सुरू झाली. अनू मांडी घालून जमिनीवर, तात्या स्टुलावर. त्यांच्या हातात स्क्रूची वाटी. मी मदरबोर्डचं इंग्रजी पुस्तक मराठीत सांगत होते, ते कोणी ऐकत नव्हतं. तुमचे आजोबा दारात उभे राहून पाहत होते. अनूने तात्यांना मागच्या बाजूचा एक स्क्रू आवळायला दिला तेव्हा ते आत गेले आणि वडिलांचा चष्मा घेऊन आले.

संगणक सुरू झाला. गेम सुरू झाला. मोटारींची शर्यत होती. रस्ता, झाडं, डोंगर, सगळं होतं, पण गाडी दोन पावलं जायची आणि थबकायची, पुन्हा दोन पावलं. अनूने चित्राची सफाई कमी केली, आणखी कमी केली, झाडं चौकोनी झाली, तेव्हा कुठे गाडी जरा पळाली. तात्या म्हणाले, "अडाकता कित्या गो?" ती म्हणाली, नवी आहे ना, सवय व्हायला वेळ लागेल. त्यांनी मान हलवली. मग पेटीच्या उघड्या बाजूने आत पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"तो लाल पंखेवालो खंय गेलो?"

प्रत्येक भागाला हात जोडलेला माणूस, त्याला न कळून कसं चालेल. मी पुस्तकात डोकं घातलं. अनू पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "तो फार तापतो, तात्या. दुकानदार म्हणाला, आपल्या उकाड्यात टिकणार नाही. बदलून घेतला."

तात्या "बरा" म्हणाले आणि स्क्रूची वाटी झाकून ठेवली. त्यांनी त्यावर कधीच काही विचारलं नाही. अनू त्या चौकोनी झाडांमधून वर्षभर गाडी पळवत राहिली, आणि ते बाजूला बसून वळण आलं की अंग कलतं करत. टीव्ही ते स्वतः लावू लागले. आवाजही मोठा ठेवू लागले, इतका की मला ओरडून सांगावं लागे.

पुढच्या खंडेनवमीला अनू घरीच होती. तात्यांनी आंघोळ केली, विळी, कात्री, स्कूटरची किल्ली पुजली आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन संगणकापाशी आले. ती खुर्चीतून उठून बाजूला झाली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. तात्यांनी बोट कुंकवात बुडवलं, पेटीकडे नेलं, आणि मधेच थांबवलं. मग ताट तिच्यापुढे धरलं.

"तूच लाव," म्हणाले. "खंय लावूचा ता तुका म्हायत आसा."

अनूने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. तिने बोट बुडवलं, खाली वाकली आणि पत्र्याच्या पेटीवर, पुढच्या बाजूला, बटणापासून लांब टेकवलं.

तात्या चष्मा सावरून वाकले. "बारीकसो लाव हां," म्हणाले.